बाकी मी सांभाळतो

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, आणि — वसईचा ख्रिस्ती माणूस असून — फादरलाही नाही. दर महिन्याला नेमाने कुमसार केलं. गुडघे टेकून जाळीपलीकडच्या फादरच्या कानात बारीकसारीक पापं ओतली. बायकोवर ओरडलो, शुक्रवारी मटण खाल्लं, शेजाऱ्याच्या नव्या गाडीचा हेवा केला. हे एक मात्र ओठांपर्यंत यायचं आणि मी गिळून टाकायचो. एका बाईला ते ठाऊक होतं. पण तिलाही मी सांगितलेलं नव्हतं.

तुम्ही मला ओळखत नाही हे एक बरं आहे. ओळखीच्या माणसासमोर मी लगेच स्वतःची बाजू मांडायला लागतो. आताही तोच मोह होतोय — आधी सांगावं की तो काळ कसा होता, आम्ही किती नवे होतो, मी किती घाबरलेला होतो. घाबरलेला तर होतोच. पण मी जन्माचाच घाबरट आहे. घराबाहेर पडताना गॅस दोनदा बघणारा, दारापर्यंत जाऊन तिसऱ्यांदा परत येणारा माणूस. असल्या माणसाने घाबरलो होतो म्हणून सांगण्यात काय अर्थ आहे?

तर — कामाचं सांगतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, गोऱ्यांखेरीज इतरांनाही ऑस्ट्रेलियाची दारं उघडू लागली तेव्हा मी आणि मार्था, माझी बायको, वॉलॉंगॉंगला आलो. मुंबईत कापडाच्या धंद्यातलं शिक्षण झालेलं. इथे एका शर्टांच्या कारखान्यात मला वर्क-स्टडीची नोकरी लागली. गावातले निम्मे पुरुष पोर्ट केंबलाला पोलादाच्या भट्टीवर आणि त्यांच्या बायका आमच्याकडे शिलाई मशीनवर, असं ते गाव होतं. इटालियन, मॅसेडोनियन, स्पॅनिश, पोर्तुगीज — एका हॉलमध्ये सात-आठ भाषा आणि शंभरेक मशीन. माझं काम हातात स्टॉपवॉच घेऊन उभं राहण्याचं. एक बाई एक कॉलर किती वेळात बसवते ते मोजायचं आणि त्यावरून सगळ्यांनी दिवसाला किती कॉलरी बसवायच्या ते ठरवायचं. बायकांना मी आवडत नसे, हे वेगळं सांगायला नको.

आता यातली मेख नीट समजून घ्या, कारण सगळं तिच्यावर आहे. घड्याळ वेळ सांगतं. पण ती बाई रोजच्या चालीने काम करते आहे की मुद्दाम रेंगाळते आहे की धावते आहे, हे घड्याळाला कळत नाही. ते बघणाऱ्याने डोळ्याने ठरवायचं आणि कागदावरच्या एका रकान्यात आकडा लिहायचा. रोजची चाल म्हणजे शंभर. बाई रेंगाळली तर ऐंशी, पंचाऐंशी. धावली तर एकशे वीस, एकशे तीस, आणि मग तेवढ्या हिशेबाने वेळ वाढवून द्यायचा, म्हणजे इतरांवर अन्याय होत नाही. त्या एका रकान्याला कुणी साक्षीदार नसतो. तिथे फक्त बघणाऱ्याचा डोळा असतो आणि त्याचं इमान.

बायकांनाही हे ठाऊक असे. घड्याळवाला जवळ आला की कुणाची कात्री खाली पडे, कुणाचा दोरा तुटे, कुणाला नेमका तेव्हाच चष्मा पुसायचा असे. त्यांनी संथ व्हायचं, मी ते ओळखायचं, असा तो दोन्ही बाजूंनी मान्य केलेला खेळ होता. त्यात लबाडी अशी कुणाचीच नव्हती.

त्या हॉलमध्ये एकच बाई आपली होती. फिलोमिना. माझ्या आजोळच्या गावची, आईच्या बरोबरीची, म्हणून मी तिला फिलूमावशी म्हणायचो. तिचा नवरा इनासकाका पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवायचा. मावशी मराठी चौथी शिकलेली. इंग्रजी म्हणजे यस, नो, थँक्यू आणि दुकानातल्या भाज्यांची नावं. पण हात! मुंबईच्या एका कारखान्यात वीस वर्षं कॉलरी बसवलेला हात होता तो. आम्ही आलो तेव्हा घर मिळेपर्यंत तिने आम्हाला सहा आठवडे स्वतःच्या घरी ठेवून घेतलं होतं. मार्थाला दिवस गेले तेव्हा उलट्या थांबाव्यात म्हणून रोज संध्याकाळी येऊन पेज करून द्यायची. मला ती पास्कू म्हणायची. परक्या देशात मला त्या नावाने हाक मारणारी ती एकटीच होती.

मग ते सगळं आलं. तुमच्यातल्या वयस्करांना आठवत असेल — सरकारने बाहेरून येणाऱ्या मालावरची जकात एका फटक्यात पाव हिश्शाने उतरवली. रेडिओवर सांगत होते की महागाई कमी होईल, कारखान्यांना जगाशी स्पर्धा करायला शिकावं लागेल, देशाचा आळस झडेल. खरं सांगू? मला ते पटलं होतं. आजही बरंचसं पटतं. जकातीच्या भिंतीआड बसून महाग आणि सुमार माल विकणारा धंदा मी मुंबईत जवळून पाहिला होता. पण पटणं वेगळं आणि आपल्याच हॉलमधले दिवे एकेका रांगेने बंद होताना बघणं वेगळं. हिवाळा होता. डोंगरावरून बोचरा वारा उतरायचा आणि बायका मशीनवर बसण्याआधी केटलला हात लावून शेकायच्या. जो तो कुजबुजत होता — कोण जाणार? शेवटी आलेला पहिला जाणार, असं सगळे म्हणत. ऑफिसात शेवटी आलेला मीच होतो. मार्थाला सातवा महिना होता.

मॅनेजरचं नाव केन. वाईट माणूस नव्हता, हे लिहायलाच हवं. एका सकाळी त्याने मला बोलावलं आणि टेबलावर एक शर्ट टाकला. साधा, पांढरा, शिवण बरी. गावातल्या दुकानात आमच्या शर्टाच्या निम्म्या भावात मिळत होता. त्याने कॉलर उलटून आतली चिठ्ठी दाखवली. भारतात शिवलेला होता तो. "युअर कझिन्स, मेट," म्हणून तो हसला. मीही हसलो — दुसरं काय करणार? मग तो म्हणाला, कॉलरचा वेळ खाली आला तर वरचे लोक ही लाइन चालू ठेवतील. नाही आला तर सगळेच घरी, तू आणि मीसुद्धा. नवीन मोजणी कर.

खोटं लिही, असं तो म्हणाला नाही. हे मी पुन्हा लिहितो, कारण इतकी वर्षं मी मनातल्या मनात ते वाक्य त्याच्या तोंडी घालत आलो आहे. तो तसं म्हणाला नव्हता.

कॉलरवर सगळ्यांत चांगला हात मावशीचा, म्हणून मोजणी तिची करायची ठरली. रविवारी मिसा झाल्यावर चर्चच्या आवारात तिने मला बाजूला घेतलं. जरा कावरीबावरी होती. बाकीच्या बायका तिला खुणा करून सांगत होत्या की घड्याळ आलं की हळू चालव. काय करू रे, म्हणाली. तिच्या डोक्यात वेगळंच होतं — तिला वाटत होतं की ही मोजणी म्हणजे माझीच परीक्षा आहे. आमच्या गावच्या शाळेत दिपोटी साहेब तपासणीला आले की सगळी पोरं न सांगता ताठ बसायची, पाढे घडाघडा म्हणायची, कारण पोरं चुकली तर मास्तरांची मान खाली जाते. तिला वाटलं, तिचा हात जोरात चालला तर गोऱ्यांच्या कारखान्यात आपल्या पास्कूची मान ताठ राहील.

मी तेव्हाच तिला समजावायला हवं होतं. मावशी, ही परीक्षा माझी नाही, तुमची सगळ्यांची आहे, जपून कर — एवढं एक वाक्य. मी म्हणालो, "तू आपली तुझ्या हाताने कर. बाकी मी सांभाळतो."

बाकी मी सांभाळतो! किती सहज म्हणालो. आणि त्या क्षणी खोटं म्हणालो नव्हतो हो. तिचा वेग मी रकान्यात बरोबर लिहिणार होतो.

मंगळवारी सकाळी मी तिच्या मशीनशी उभा राहिलो. ती रविवारचा निळा स्वेटर घालून आली होती. मी घड्याळ दाबलं आणि तिने जे सुरू केलं — तसं मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. एकीचा दोरा तुटायच्या आत दुसरी कॉलर सुईखाली. मान वर नाही, पाण्याचा घोट नाही. ऐन हिवाळ्यात तिच्या कपाळावर घाम आला. शेजारची रोझा, तिला रोज स्वतःच्या गाडीतून घरी सोडणारी इटालियन बाई, आधी हसली, मग माझ्याकडे अशी बघायला लागली की मी नजर कागदात घातली. मोजणी संपल्यावर मावशीने माझ्याकडे पाहिलं. शाळेतली पोर पाढा म्हणून झाल्यावर मास्तरांकडे बघते तसं.

मी पेन्सिलने रकान्यात लिहिलं — एकशे तीस. हेही खरं आहे. तो आकडा मी लिहिला होता.

जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात बसून गणित केलं. एकशे तीस धरला तर कॉलरचा वेळ होता तेवढाच राहत होता. केनच्या खोलीचं दार उघडं होतं आणि तो भारतातला शर्ट अजून त्याच्या टेबलावर पडलेला दिसत होता. मार्थाने डब्यात अंड्याची पोळी दिली होती, ती मी खाल्ली नाही. मग खोडरबर घेतलं. एकशे तीस खोडलं आणि शंभर लिहिलं. कागदावर थोडं काळवंडलं म्हणून सगळा तक्ता नव्या कागदावर शाईने उतरवून काढला. अक्षर माझं चांगलं आहे. जुना कागद घडी करून खिशात घातला आणि घरी जाताना रेल्वेच्या पुलाजवळ फाडून टाकला.

म्हणजे काय झालं ते कळलं ना? जीव तोडून धावणारी बाई मी रोजच्या चालीने चालणारी म्हणून लिहिली. आता सगळ्यांनी रोज तेवढं धावायचं.

पहिल्या महिन्यात रडारड. दुसऱ्या महिन्यात यादी. नव्या वेळेत न बसणाऱ्या अकरा बायका कमी केल्या. उरलेल्यांनी मावशीला वाळीत टाकलं — भांडण नाही, शिवीगाळ नाही, नुसतं बाकावर ती बसली की बाकीच्या उठायच्या. रोझाने तिला गाडीतून नेणं बंद केलं. मावशी त्या वाऱ्यात बसची वाट बघत उभी असायची आणि मी मागच्या दाराने निघायचो. आणि मग तिचं मनगट सुजलं. तो वेग कुणाच्याच हाताला रोज झेपणारा नव्हता, तिच्याही नाही. दुसरा महिना संपायच्या आत ती स्वतःच त्या आकड्याच्या खाली गेली. तिने ठरवलेल्या — नाही, मी ठरवलेल्या.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, भित्रेपणा झाला, पण समजण्यासारखा आहे. थांबा. हे मी कदाचित कुमसारात सांगू शकलो असतो. न सांगता आलेलं पुढे आहे.

युनियनने हरकत घेतली. डॉट नावाची एक पिकल्या केसांची बाई होती, इस्त्री विभागातली, युनियनची प्रतिनिधी. तिला वास आला होता. तिने केनच्या खोलीत बैठक लावली आणि मावशीला बोलावून घेतलं. डॉटचं म्हणणं सरळ होतं — मोजणीच्या दिवशी ही बाई रोजच्यासारखं काम करत होती की जास्त वेगाने, ते तिलाच विचारू या. पण मावशीला इंग्रजी येत नव्हतं. मराठी येणारा त्या कारखान्यात एकच माणूस होता. कुणालाही त्यात काही गैर वाटलं नाही. डॉटने प्रश्न विचारला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी मावशीला मराठीत विचारलं. अगदी बरोबर विचारलं. ती सुजलेला हात मांडीवर धरून बसली होती. ती म्हणाली, "पास्कू, यांना सांग रे, रोज एवढं नाही होत कुणाच्याने. त्या दिवशी तुझ्यासाठी मी जीव तोडून केलं."

खोली लहान होती. हीटरचा वास येत होता. माझं घड्याळ माझ्याच खिशात होतं आणि मला त्याची टिकटिक ऐकू येते आहे असं वाटत होतं. आता जर मी खरं सांगितलं तर तक्त्यावरचा शंभर कुठून आला? माझी पाचावर धारण बसली. मी डॉटकडे वळून इंग्रजीत म्हणालो — ती म्हणते की ती नेहमी असंच काम करते. हल्ली हात दुखतो म्हणून मागे पडते आहे, एवढंच.

आणि मावशीने मान हलवली. मी बोलतोय म्हणजे तिचंच सांगतोय, या भरवशाने तिने दोनदा मान हलवली. डॉटने ती मान पाहिली. एक सुस्कारा टाकून तिने फाइल मिटली. त्या अकरा बायकांचं प्रकरण तिथेच संपलं आणि पुढच्या शुक्रवारी बारावी म्हणून मावशी गेली, हात निकामी झाला म्हणून. माझ्याच वाक्यावरून.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "सांगितलंस ना सगळं?"

मी म्हणालो, "सांगितलं."

माझी नोकरी राहिली. मुलगी झाली. मावशी बाळंतपणात आली — एका हाताने बाळाला तेल लावायची, दुसरा जपून.

त्यानंतरची वर्षं मी कशी काढली? फार सोपी गेली, हीच तर गोष्ट आहे. कारण मला कुणी विचारलंच नाही. त्या बायकांच्या नोकऱ्या कशाने गेल्या हे गावात पोरासोरांना ठाऊक होतं — जकातीने. वर्तमानपत्रं तेच म्हणत होती, युनियन तेच म्हणत होती. मावशीही तेच म्हणायची. चर्चच्या पायऱ्यांवर कुणी माझ्याकडे तिरका कटाक्ष टाकला तर तीच पुढे व्हायची — त्याचा काय दोष, त्याने तर माझी बाजू मांडली, वरून सरकारनेच केलं. आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभा राहायचो. एवढं मोठं धोरण, एवढा मोठा देश. त्याच्या मागे एक माणूस सहज लपतो.

कारखाना आज ना उद्या बंद पडलाच असता. पडलाही, काही वर्षांनी. हे वाक्य मी स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल! पण आज ना उद्या म्हणताना त्यातला आज कुणी ठरवला? त्या अकराजणींना अजून दोन वर्षं मिळाली असती, कदाचित तीन. मावशीला मनगट मिळालं असतं. बाजार निर्दय असतो म्हणतात. असेल. पण बाजाराच्या हातात खोडरबर नव्हतं.

ऐंशीच्या दशकात मी सिडनीत सल्लागार झालो. डॉलर मोकळा सोडला, बँका मोकळ्या झाल्या, जकात आणखी उतरवायचे आराखडे आले, आणि कारखान्यांनी बदलाला कसं तोंड द्यावं हे सांगणारी माणसं हवी होती. मी ते छान सांगायचो. मधल्या काळात पोर्ट केंबलातूनही माणसं कमी झाली होती, त्यात इनासकाका घरी बसला होता. एका रविवारी आमच्या जुन्या चर्चच्या हॉलमध्ये फादरने मला बोलायला बोलावलं — नोकऱ्या का जातात, पुढे काय करावं. समुद्राकाठच्या ट्रेनने सबंध वाटभर मी अस्वस्थ होतो. बोललो मात्र चांगलं. यात कुणा एकाचा दोष नसतो, असं म्हणालो. हे मी दोनदा म्हणालो. मावशी तिसऱ्या रांगेत होती.

भाषणानंतर चहा होता. ती डाव्या हाताने किटली धरून सगळ्यांना ओतत होती. माझ्याशेजारच्या म्हाताऱ्या गोऱ्याशी ती इंग्रजीत बोलत होती. तोडकंमोडकं नाही, चांगलं वाहतं इंग्रजी, अधूनमधून नो वरीज सुद्धा. मी चकित होऊन म्हणालो, मावशी, कधी शिकलीस? ती म्हणाली, नोकरी गेल्यावर सरकारने क्लासला घातलं होतं ना, नवीन कामासाठी. काम काही मिळालं नाही, इंग्रजी तेवढं आलं.

मग तिने माझ्यासमोर कप ठेवला. आवाज चढवला नाही, इकडेतिकडे पाहिलं नाही. मराठीतच म्हणाली, "पास्कू, त्या दिवशी केनच्या खोलीत तू त्या डॉटला काय बोललास, ते शब्द कानात राहिले होते माझ्या. अर्थ नंतर लागला. दुसऱ्याच वर्षी."

दुसऱ्याच वर्षी. म्हणजे चर्चच्या पायऱ्यांवर ती माझी बाजू घेत होती तेव्हा तिला ठाऊक होतं. माझ्या दुसऱ्या मुलाला एका हाताने तेल लावत होती तेव्हाही. दहा-बारा वर्षं.

ती थांबली. बराच वेळ थांबली. मागे रांग होती, तरी थांबली. मला आता कळतं, ती माझ्यासाठी जागा ठेवत होती, एका वाक्यापुरती.

मग तिने साखरेचं भांडं ओढलं आणि विचारलं, "साखर किती घालू?"

मी म्हणालो, "एक चमचा."